नाशिकला सर्वांत जवळचा बर्फ कोठे?

गेल्या हिवाळ्यात हवामानाविषयी दोन शब्द सांगण्यासाठी नाशिकच्या एका शाळेत गेलो होतो. बोलणे संपल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, "सर, आपल्या घरून गाडीने जाऊन बर्फावर स्कीइंग करता येईल असे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते?" वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "कळसूबाई!" मुलगी बिचारी खाली बसली.

मला मात्र हा प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर भूगोल, भौतिकशास्त्र आणि थोडे गणित, तिन्ही हाताशी घ्यावे लागतात. शिवाय त्याची एक वाट थेट निफाडच्या द्राक्षबागेत जाते. ती कशी, ते पुढे येईलच.

प्रथम नकाशाची वही काढा. कंपासचे टोक नाशिकवर ठेवा आणि नकाशाच्या प्रमाणाने ५०० कि.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा. गाडीने एका दिवसात जाता येईल असे प्रदेश साधारणपणे या वर्तुळात येतात. त्यात सापुतारा आहे, भंडारदरा आहे, महाबळेश्वर आहे, चिखलदरा आहे. थंड हवेची ठिकाणे भरपूर, पण बर्फाचे एकही नाही. अबूचा पहाड या वर्तुळाच्या किंचित बाहेर राहतो. त्याचे नाव लक्षात ठेवा, तो आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट शिकवणार आहे.

आता मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उत्तर देऊ. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मी. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. म्हणजे शिखर शहरापेक्षा सुमारे १०५० मीटरांनी उंच. वर जावे तशी हवा थंड होत जाते हे तुम्हाला माहीत आहे. कारण सूर्य हवेला फारसे तापवीत नाही. तो जमिनीला तापवितो आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर चढते, तेथे दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश से. एवढी ही घट असते.

जानेवारीत नाशिकचे दिवसरात्रीचे सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास असते. १०५० मीटरांसाठी त्यातून सुमारे ७ अंश वजा करा. कळसूबाईच्या माथ्यावर राहिले १३ अंश. स्वेटर घालावा एवढी थंडी, पण बर्फाला ती कोणत्याच हिशेबाने पुरत नाही. उलट गणित करून पाहा: २० अंश उतरून शून्यावर यायचे तर २० भागिले साडेसहा, म्हणजे तीन किलोमीटरांहून थोडे अधिक वर जावे लागेल. नाशिकचे ६०० मीटर त्यात मिळवले की उंची होते सुमारे ३७०० मी. सह्याद्रीने कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई रचली, तरी ती उंची गाठायला चारशे मीटर कमीच पडतील.

तर मग केवळ उंचीचाच प्रश्न आहे काय? नाही. केरळातील आनैमुडी हे सह्याद्रीचे सर्वांत उंच शिखर २६९५ मी. उंच आहे. काश्मीरमधील गुलमर्ग, जेथे देशातील सर्वांत नावाजलेले स्कीइंग चालते, ते सुमारे २६५० मी. उंचीवर आहे. म्हणजे दोघे जवळजवळ समान उंचीचे! तरी गुलमर्गला हिवाळ्यात कित्येक फूट बर्फ साचतो आणि आनैमुडीच्या परिसरात, मुन्नारकडे, फार तर गवतावर पांढरे दहिवर गोठते. फरक आहे तो अक्षांशाचा. आनैमुडी १० अंश उत्तर अक्षांशावर, नाशिक २० अंशांवर, तर गुलमर्ग ३४ अंशांवर. २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य आनैमुडीवर क्षितिजापासून साडेछप्पन्न अंश वर असतो, नाशिकला साडेसेहेचाळीस, आणि गुलमर्गला केवळ साडेबत्तीस. किरण जितके तिरपे, तितके तेच ऊन अधिक जमिनीवर पसरते. त्रिकोणमितीचे कोष्टक तुमच्याजवळ असेल तर या कोनांच्या ज्या काढून पाहा. नाशिकला दुपारी एक चौरस मीटर सपाट जमिनीला जेवढे ऊन मिळते, त्याच्या सुमारे तीन चतुर्थांशच गुलमर्गच्या तेवढ्या जमिनीला मिळते. त्यातून तेथला दिवसही लहान, जेमतेम दहा तासांचा.

आता अबूकडे वळू. अबू सुमारे १२२० मी. उंच आणि साडेचोवीस अंश अक्षांशावर. तेथे थंडीच्या लाटेत पारा शून्याखाली जातो, वाहनांच्या टपांवर आणि हिरवळीवर बर्फाचा पातळ थर दिसतो. वर्तमानपत्रांत लगेच 'अबूला बर्फ' असे मथळे येतात. पण तो आकाशातून पडलेला हिम नव्हे. रात्री उघड्या आकाशाखाली जमीन आपली उष्णता वरच्या दिशेने टाकून देते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवेतील बाष्प तिच्यावर गोठते. ते झाले दहिवर. खरा हिम ढगात तयार होतो, आणि अबूच्या कडाक्याच्या थंडीत ढगच नसतात. किंबहुना ढग नसतात म्हणूनच तो कडाका पडतो.

येथे आपल्याकडची खरी अडचण ध्यानात येते. हिमवर्षावाला दोन गोष्टी लागतात, थंडी आणि ओल, आणि त्या एकाच वेळी हजर असाव्या लागतात. सह्याद्रीवर ओल येते जून ते सप्टेंबरात आणि थंडी येते डिसेंबर-जानेवारीत. दोघींची गाठच पडत नाही.

गंमत अशी की, नाशिकला सर्वांत जवळचा बर्फ हिमालयात नसून तुमच्या डोक्यावर आहे. जुलैत त्र्यंबकेश्वरावर जे उंच काळे ढग जमतात त्यांचा सुमारे पाच-साडेपाच किलोमीटरांवरचा भाग शून्य अंशाखाली असतो. तेथे बर्फाचे कण आणि हिमपाकळ्या तयार होतात, खाली येतायेता वितळतात आणि थेंब होऊन तुमच्या छत्रीवर पडतात. त्या पावसाचा काही अंश वरच्या मजल्यावर हिमच होता. घरापासून साडेपाच किलोमीटर म्हणजे सायकलने वीस-पंचवीस मिनिटांची वाट. फक्त सरळ वर जायची.

हा वरचा बर्फ कधीकधी न वितळता खाली पोचतो. तेव्हा त्याला आपण गारा म्हणतो आणि तो बहुधा फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे जमीन तापलेली असताना पडतो. तापलेल्या जमिनीवरून जोराने वर चढणारी हवा ढगातील गारेला पुन्हापुन्हा वर उचलून धरते, तिच्यावर थरांवर थर चढतात आणि ती इतकी मोठी होते की वाटेत वितळायला तिला वेळच मिळत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात दिवसेंदिवस चाललेल्या गारपिटीने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे, कांदा आणि डाळिंब यांचे जे झाले, ते पाहिलेल्या माणसाला नाशिकला बर्फ पडत नाही याचे दुःख होणार नाही.

या ठिकाणी द्राक्षबागेत शिरायलाच हवे. नाशिकहून निफाड ३५-४० कि.मी. उंची जवळपास तीच, किंबहुना थोडी कमी. आपल्या हिशेबाप्रमाणे निफाड नाशिकपेक्षा किंचित उबदार असावयास हवे. प्रत्यक्षात हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमान पुष्कळदा निफाडलाच नोंदले जाते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तेथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. मग आपले गणित चुकले काय?

चुकले नाही, पण अपुरे ठरले. दर किलोमीटरला साडेसहा अंश हा नियम दिवसा, वारा वाहत असताना, हवा नीट ढवळलेली असताना चांगला लागू पडतो. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री जमीन वेगाने निवते, तिला चिकटलेली हवाही निवते. थंड हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगट भागात साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे पांघरूण पसरते. म्हणजे वर जावे तो तापमान वाढते! याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. निफाडचा भाग गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातील मोकळी शेतजमीन आहे. नाशिक शहराची सिमेंट-डांबराची ऊब तेथे नाही. महाबळेश्वरलाही दहिवर गोठते ते उंच पॉइंटांवर नव्हे, तर वेण्णा तलावाच्या सखल परिसरात, आणि तेही वेधशाळेच्या पेटीतील पारा शून्याच्या बराच वर असताना. पेटी जमिनीपासून सव्वा मीटर उंच असते, दहिवर मात्र गवताच्या पात्यावर जमते.

अशा पहाटे द्राक्ष बागाईतदार झोपत नाही. पाऱ्याची उतरण ४-५ अंशांच्या खाली चालली की पाणी भरलेल्या मण्यांना तडे जाण्याची भीती असते आणि तडकलेला मणी बाजारात जात नाही. वर्षभराचा खर्च आणि कर्ज त्या घडांवर टांगलेले असते. म्हणून कोणी पहाटे तीनला विहिरीचे पाणी बागेला सोडतो, कोणी बांधावर शेकोट्या पेटवितो. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही वीस-बावीस अंशांचे असते. एक किलोग्रॅम पाणी वीस अंशांनी निवले की २० किलोकॅलरी उष्णता भोवतालच्या हवेला देते. शेकोटीचा धूर पांघरुणासारखा उष्णता अडवितो असे पुष्कळजण मानतात. पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारे अवरक्त किरण त्यांतून बहुतांशी निसटून जातात. खरा उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि तिने वरखाली ढवळल्या जाणाऱ्या हवेचा. म्हणून एका मोठ्या आगीपेक्षा जागोजागी लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या आगीची ऊब सरळ वर निघून जाते.

आता हिमालय. तेथे हिवाळ्यात थंडी आणि ओल यांची गाठ घालून देतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांबरोबर हे कमी दाबाचे प्रदेश पूर्वेकडे सरकत येतात, वाटेत कॅस्पियन समुद्र, अरबी समुद्र यांचे बाष्प घेतात आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांना धडकतात. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेची कोरडी थंड हवा खाली घसरते आणि एक-दोन दिवसांत निफाडचा पारा उतरतो. गुलमर्गला स्कीइंग करणारा आनंदतो त्याच सुमारास कादवेकाठचा बागाईतदार शेकोटीची लाकडे गोळा करू लागतो. हाच विक्षोभ फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिक दक्षिणेकडे पोचला आणि त्याला समुद्राकडून बाष्प मिळाले, तर आपल्याकडे गारा.

मुंबई-आग्रा रस्ता नाशिकच्या मधूनच जातो, त्यामुळे हिमालयाची वाट तुमच्या दारातूनच सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करीत दिल्ली सुमारे १२५० कि.मी. तेथून शिमल्यावरून नारकंडा, एकूण सुमारे १६५० कि.मी. उत्तराखंडातील औली सुमारे १७५०, मनालीजवळची सोलंग दरी सुमारे १८००, आणि गुलमर्ग जवळजवळ २१००. हे आकडे ढोबळ आहेत, वाट बदलली की बदलतील. नकाशावर दोरा ताणून पाहिलात तर नारकंडा आणि औली दोन्ही नाशिकपासून सारख्याच, १३०० कि.मी. अंतरावर दिसतील. डोंगरातील वळणे दोऱ्याला ठाऊक नसतात.

मग निवड कशी करायची? केवळ जवळचे म्हणून नारकंडा घ्यावे, तर तेथील उतार थोडे आणि बर्फाचा भरवसा कमी. शिमल्यालाही बर्फ पडतो, पण २२०० मीटरांवर तो पडतो आणि चार दिवसांत वितळून जातो. स्कीइंगला बर्फ पडून भागत नाही, टिकावा लागतो. टिकण्यासाठी उंची हवी आणि उताराचे तोंड उत्तरेकडे हवे. आपल्या घराच्या उत्तरेकडील भिंतीवर शेवाळ का धरते ते आठवा. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडून फिरतो, उत्तरेचा उतार सावलीत राहतो. गुलमर्ग हे पीर पंजाल रांगेच्या उत्तर अंगावर वसले आहे, आणि त्याचे मोठेपण पुष्कळसे त्यातच आहे. दुसरी गोष्ट, बर्फाखाली काय आहे? दगडधोंड्यांचा उतार झाकायला चार-पाच फूट बर्फ लागतो, कुरणाला एक-दीड फूटही पुरतो. गुलमर्ग, औली, सोलंग ही तिन्ही मुळात गवताळ कुरणे आहेत. तिसरी गोष्ट उताराच्या कोनाची. शिकाऊ माणसाला दहा अंशांच्या आसपासचा उतार पुरे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमलोट सर्वाधिक कोसळतात. तशा उतारावर जाणे तर नाहीच, त्याच्या पायथ्याशीही रेंगाळू नये.

गुलमर्गला स्की क्लब १९२७ मध्ये स्थापन झाला. तेथील दोरमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवटच्या अंगावर ३९०० मीटरांच्या वर नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तुम्ही नवखे असाल तर खालचे कुरण सोडून वर जाण्याची घाई करू नका. त्या उंचीवर हवा विरळ आणि उतार तीव्र. भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचे वर्ग गुलमर्गलाच चालतात. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे सोलंगला चालतात. माझे मत विचाराल तर शाळकरी मुलांनी अशा वर्गातच शिकावे. कोणी भाड्याने दिलेल्या फळ्या पायाला बांधून अर्ध्या तासात स्कीइंग येत नाही, पाय मात्र मुरगळतो.

औलीची गोष्ट थोडी निराळी आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी तेथे कृत्रिम हिम उडविणारी यंत्रे बसविली गेली. पण यंत्रालाही हवा थंड आणि कोरडी लागते. पाण्याचे तुषार जमिनीवर पोचण्याआधी गोठायचे असतील तर ओल्या फडक्याच्या तापमापकातील पारा शून्याखाली दोन अंश तरी हवा. नाशिकला हे यंत्र आणले तर चिखल होईल. दुबईत २००५ पासून भर वाळवंटात ४०० मीटर लांबीचा बर्फाचा उतार चालविला जातो तो बंदिस्त इमारतीत, प्रचंड शीतकपाट करून. २०२३ च्या जानेवारीत औलीच्या पायथ्याच्या जोशीमठ गावात जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले आणि औलीला जाणारा दोरमार्ग बंद करावा लागला. ठिकाण निवडताना तेथली वाट आणि गाव दोन्ही धड आहेत ना, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणि हल्ली आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: यंदा तेथे बर्फ आहे का? २०२४ च्या जानेवारीचा पूर्वार्ध गुलमर्गला जवळपास कोरडा गेला, तपकिरी कुरणांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारीत बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. तापमान एका अंशाने वाढले तर शून्य अंशाची पातळी किती मीटर वर सरकेल? १००० भागिले साडेसहा, म्हणजे सुमारे दीडशे मीटर. गुलमर्गच्या वर अजून डोंगर आहे. नारकंड्याच्या वर फारसा नाही.

जाताजाता पाठ्यपुस्तकातील एका चुकीविषयी सांगतो. फळीच्या दाबाने बर्फ वितळतो, पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि त्यावरून माणूस घसरतो, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. तुमचे वजन ५० किलो धरा. दीड मीटर लांब आणि आठ सें.मी. रुंद अशा दोन फळ्यांचे क्षेत्रफळ २४०० चौ.सें.मी. म्हणजे दर चौ.सें.मी.वर सुमारे २१ ग्रॅम भार! बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणायला तर सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो. खरा स्पर्श थोड्याच टोकांवर होतो असे धरले तरी हिशेब जुळत नाही. घसरण्याचे श्रेय आहे घर्षणाच्या उष्णतेला, आणि बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणूंना, जे शून्याखालीही पुरते जखडलेले नसतात. फार कडक थंडीत बर्फ वाळूसारखा खरखरीत होतो आणि फळ्या अडतात, ते यामुळेच. कमी दाबाचा फायदा दुसराच: माणूस बर्फात रुतत नाही.

गाडीनेच जायचा हट्ट असेल तर रेडिएटरमध्ये नुसते पाणी घालून जाऊ नका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि रात्रीत रेडिएटर फोडते. गोठणरोधक द्रव आणि चाकांना साखळ्या हव्यात. मी स्वतः आगगाडीने दिल्ली गाठीन आणि पुढे तेथल्या रस्त्यांना सरावलेल्या चालकाच्या बसमध्ये बसेन. १७०० कि.मी. ताशी ५० च्या वेगाने म्हणजे ३४ तास. थकलेल्या माणसाने बर्फाळ घाट चढू नये.

एवढ्या लांब जाणे होणार नसेल, तर एक काम घराजवळ करता येईल. शाळेतील दोन तापमापक शेजारी ठेवून ते सारखे दाखवितात का हे आधी तपासा. जानेवारीतील एका दिवशी एक तुकडी बारी गावात, कळसूबाईच्या पायथ्याशी, थांबू दे. दुसरी माथ्यावर जाऊ दे. घड्याळे जुळवून दुपारी बाराला, दोन्हीकडे सावलीत आणि जमिनीपासून सारख्याच उंचीवर, तापमान नोंदवा. मग तोच प्रयोग पांडवलेणीच्या डोंगरावर आणि त्याच्या पायथ्याच्या शेतात सूर्योदयापूर्वी करा, वारा पडलेला असताना. दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहा. वरचा पारा खालच्यापेक्षा चढलेला दिसला तर तापमापक बिघडला असे समजून फेकून देऊ नका.